पाणी काढणाऱ्याला भाडं नाही

येलदरीच्या फुगवट्यात, ह्या काठावरून त्या काठाला
धुरपतामावशीची होडी जायची.
मोठ्या माणसाला पाच रुपये, शेळीला तीन,
सायकलीचे तिच्या मर्जीप्रमाणे.
पाणी काढणाऱ्याला भाडं नाही.
नववी-दहावी मी अशी केली,
दप्तर मांडीत, डबा हातात.

डबा म्हणजे करडीच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन,
बूड तिरकं कापलेलं, झाकण घट्ट,
मुठीला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक फळीला.
"सुतळी सोडशील तर तुला सोडीन,"
मावशी तंबाखू सावरत म्हणायची.
वल्हं तिचं आपोआप चालायचं,
डोळा सगळा माझ्या हातावर.

पहिल्या दिवशी मी पाण्यामागं धावले.
पुढं गेले तर ते मागं, मागं आले तर पुढं.
"धावतीस कामून? बस एका जागी.
जिथं वजन, तिथं पाणी. येतंय की ते तुझ्याकडं."
मग तीन दिवस मी वाऱ्याच्या तोंडावर फेकलं
आणि शाळेत ओली बसले.
चौथ्या दिवशी ती काही बोलली नाही;
नुसतं थुंकून दाखवलं, वारा कुठून आहे ते.

डब्यात न येणारं शेवटचं बोटभर पाणी
गादीच्या स्पंजानं टिपायचं, पिळायचं, टिपायचं.
तिच्या भाच्यानं, लिंबाजीनं, पीव्हीसीच्या पाइपात
सायकलच्या ट्यूबचा वायसर बसवून पंप केला.
दांडा ओढला की घोटभर, ढकलला की लांब पिचकारी.
एक आठवडा आम्ही सगळे भिजलो,
मग वायसरात माशाचं खवलं अडकलं
आणि पंप कायमचा खोकत राहिला.
कुणीतरी फवारणीचा आणला, कापसावरचा.
तो मावशीनं काठावरच ठेवायला लावला:
"त्याला इख लागलंय. खाली मासे हायत."

होडी गळायची, पण रोज सारखी नाही.
आम्ही अंतर डब्यांत मोजायचो.
भादव्यात शाळा दोनशे दहा डबे लांब होती,
दिवाळीला नव्वद.
संक्रांतीला मी वीस डब्यांत पोचायचे
आणि उरलेल्या वेळात भूगोल वाचायचे.

एकदा मधोमध सुतळी तुटली.
डबा लाटेवर बसून निघाला, जशी त्यालाच घाई.
समोर एक बाई होती, जिंतूरच्या बाजारातून
स्टीलची नवी कळशी घेऊन आलेली, वरचा कागदही तसाच.
तिनं कळशीकडं पाहिलं, पायाखाली पाहिलं,
कागद फाडला.
मुनीरचाचांनी बूट काढला, एकच;
दुसऱ्याला गाठ बसली होती.
कुणी टोपी, कुणी जेवणाचा डबा, मी ओंजळीनं.
मावशी वल्हं मारता मारता मोठ्यानं मोजत होती:
कळशी, बूट, बूट, कळशी.
काठाला लागलो तेव्हा
तिनं एकाचंही भाडं घेतलं नाही.
नियम तो नियम.

उन्हाळ्यात धरण मागं सरायचं.
भेगाळलेल्या चिखलावर होडी पालथी,
तिच्याही फळ्यांत उजेड दिसायचा.
घरी टँकर चौथ्या दिवशी.
डोक्यावर दोन घागरी घेऊन मी चढ चढायचे,
मान ताठ, थेंब सांडू नये म्हणून,
आणि वर्षभर पाणी फेकलेला हात
घागरीच्या काठाला गुमान धरून.

पाणी परत आलं की मावशी होडी
आधी काठाशी बुडवून ठेवायची,
दगड भरून, आठ दिवस.
इतकं उपसून उपसून आता हे?
"पिऊ दे तिला," ती म्हणायची.
"लाकूड तहानलं की गळतं.
पोटभर पिलं की आपसूक तोंड मिटतं."

तरी पहिल्या फेरीला दोनशे दहा लागायचेच.
मी सुतळीची गाठ ओढून बघायचे,
मागच्या फळीवर बसायचे.
पाणी यायचं माझ्याकडं.