पाण्याचा रकाना

तीन वर्षं मी उंदरांचं पाणी मोजलं.
काचेची उलटी बाटली, नळीच्या टोकाला स्टीलची गोळी,
रात्री दहाला एक आकडा, पहाटे सहाला दुसरा,
आणि वहीत शेवटी एक बारीक रकाना: सांडलेलं.

मेंदूत सेरोटोनिन एकच,
पण कुलपं चौदा प्रकारची.
एक उघडलं की उंदीर नळीला लटकून राहतो,
दुसरं उघडलं की भरल्या बाटलीकडे पाठ करून झोपतो.
सरांना विचारलं, म्हणजे तहान नेमकी असते कुठे?
ते म्हणाले, आधी आकडे पूर्ण करा, मिस तुळसकर.

आता शिरोड्यात, मिठागराच्या बांधालगत,
मी आईचं पाणी मोजते.

गोळी सुरू केली कारण ती झोपेना, जेवेना,
आगरात फावडं टाकून
दुपारभर खाजणाकडे बघत बसायची.
गोळीनं ती उठली. शेवग्याच्या शेंगा काढल्या, शेजारणीशी भांडली.
आणि पाणी प्यायला लागली.
कळशीतून, ओंजळीनं, रात्री अंधारात विहिरीवर जाऊन.
"तान सरणा नाय गो," म्हणायची, हसून,
नवा दागिना दाखवावा तशी.
मग एका सकाळी तिनं मला
वारलेल्या मावशीच्या नावानं हाक मारली.

सावंतवाडीच्या वॉर्डात कागद आला: सोडियम एकशे अठरा.
रक्तातलं मीठ उतरलंय, नर्सनं सोपं करून सांगितलं
त्या बाईला, जिच्या टाचांच्या भेगांत
चाळीस उन्हाळ्यांचं मीठ बसलंय,
जी कोंडीतल्या पाण्यात बोट बुडवून सांगते,
आज नाही, परवा धरेल.
आईनं कागद उलटा करून पाहिला.
"म्हंजे माझा आगर बुडला काय गो?"
मी हो म्हणाले. याहून नेमकं
मला माझ्या प्रबंधातही लिहिता आलं नव्हतं.

गोळी बदलली. पाणी दिवसाला आठशे मिली.
लॅबमधला जुना मोजपेला फडताळात, तांदळाच्या मापाशेजारी.
एप्रिल आहे. वारा खारा, ओठ चरचरतात,
आणि मी माझ्या आईला म्हणते, आता सहा वाजता.
ती रागावत नाही. उंदीरही रागावत नसत.
तेच मला लागतं.

काल संध्याकाळी शेवटचे पन्नास मिली तिनं हातात धरले,
उजेडाकडे करून पाहिले,
बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"ह्या धरूचा नाय," म्हणाली,
आणि कुंपणावर कावळ्यांसाठी ठेवलेल्या करवंटीत ओतलं.

तहान मिटली होती, की तिनं ती बाजूला ठेवली,
आणि हे कुठल्या कुलपाचं काम,
मला खरंच माहीत नाही.
वही काढली. तारीख. सातशे पन्नास.
बारीक रकान्यात लिहिलं: पन्नास.
कावळा अजून आला नव्हता.