दिवा नाही म्हणजे ठीक

विश्रामबागच्या नंद्या कोष्टीला फाइल दिली
तर तो म्हणाला, आठ बाय चार, होईल,
पण फोटो कुणाचा टाकायचा?
त्याच्या मशीनने आजवर फक्त वाढदिवस छापलेत.
मी म्हटलं, फोटो नाही, नुसती बटणं.
एकही पुसट नको.

तो फ्लेक्स आता कुपवाडच्या आमच्या खोलीत,
अर्धा भिंतीवर, अर्धा माळ्याच्या फळीला बांधून
डोक्यावर तिरका.
दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. डावी माझी.
उजवीकडे अब्बा,
दस्तगीर शिकलगार, सबस्टेशन ऑपरेटर,
चौतीस वर्षं तासातासाला रीडिंग लिहून रिटायर,
चष्मा कपाळावर, हातात माझी चेकलिस्ट.

हिरवी, निळी, पिवळी:
तेलाच्या तीन वाटा, एकमेकींत न मिसळणाऱ्या.
पिवळी लगेच ध्यानात राहिली,
हळदीच्या गावची आहे मी.
हिरवीचा दाब पडला तर पिवळी तिला जोर देते,
तेल देत नाही, थेंबसुद्धा नाही,
फक्त जोर.
तेव्हा विमानाच्या पोटातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो
आणि प्रवासी एकमेकांकडे बघतात.
अब्बा म्हणाले, शेजार असावा तर असा.

परफॉर्मन्सचं मात्र त्यांना पटेना.
धावपट्टी लांब, विमान हलकं,
मग पूर्ण ताकद कशाला जाळायची?
कॉम्प्युटरला खोटंच सांगायचं, बाहेर पंचावन्न अंश आहे,
तो इंजिन बेतानं पळवतो.
बाहेर सांगलीत तेव्हा एक्केचाळीस होते.
"खोटं बोलून इंजिन वाचवायचं?"
हो. आणि त्या खोट्याचं नावही फ्लेक्सच आहे.
नंद्याच्या छपाईकडे बघत ते बराच वेळ हसले.

डोक्यावरचं पॅनेल त्यांना छळायचं.
त्यांच्याकडे लाल म्हणजे लाइन चालू, हिरवा म्हणजे बंद,
दोन्ही विझले तर धावायचं.
इथे सगळं नीट असलं की काहीच पेटत नाही.
"म्हणजे अंधार बघून निर्धास्त व्हायचं?"
व्हायचं. पण समोर एक अरुंद पट्टी असते,
यंत्र आत्ता काय करतंय ते तिथे लिहिलेलं;
ते काय करतंय असं आपल्याला वाटतं, ते नव्हे.
ती वाचायची. मोठ्यानं. दर वेळी.

मंगळवारी रात्री ते "व्ही-वन" म्हणाले,
म्हणजे आता थांबणं नाही,
आणि पुढच्या श्वासाला, न सांगता,
स्टीलच्या ताटावर चमचा बडवला:
"आग. एक नंबर."
माझा हात गेला,
फ्लेक्सवर, सपाट,
दोन नंबरवर.

अब्बांनी ताट खाली ठेवलं.
चारशे फुटांपर्यंत कशालाही हात लावायचा नाही,
हे पानावर होतं. त्यांनी ते वाचलं नाही.
म्हणाले, एक्क्याण्णव साली तासगाव फिडर ट्रिप झाला.
घंटा वाजत होती, फोनवर फोन.
ऑपरेटर पोरगा होता, नवा. घाईत ब्रेकर चालू केला.
खांबावर बाळू होता.
मग चष्मा पुसत,
घंटा वाजली की आधी हात मांडीखाली.
पोरगा कोण, ते मी विचारलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून. व्ही-वन. ताट.
डावा हात काठीवर, उजवा मांडीखाली,
तोंडानं उंची मोजत राहिले,
शंभर, दोनशे,
तीनशेला लाइट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला,
गल्लीत कुणीतरी ओरडलं, "आमचीच का रे?"
एरवी अब्बा पहिले उठतात,
कुठला फेज गेला ते सांगायला.
उजवी खुर्ची हलली नाही.

"चारशे. लिव्हर एक. हाच ना?"
त्यांनी अंधारात माझं मनगट शोधलं,
तिथून बोटापर्यंत आले,
सावकाश.
"हाच."

लाइट आली तेव्हा आमची बोटं
लिव्हरपासून वीतभर खाली होती,
नंद्यानं न विचारता छापलेल्या ओळीवर:
शुभेच्छुक, कोष्टी ग्राफिक्स, विश्रामबाग.