तांब्याच्या पातेल्यातला फोन

ग्युम्रीत डिसेंबरच्या पहाटे
भट्टीच्या आधी फोन तापवावा लागतो.
बसथांब्यापासून काखेत धरून आणते मी तो,
उकडलेल्या बटाट्यासारखा.
मग पीठ लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून
रिकाम्या तांब्याच्या पातेल्यात उभा करायचा.
आवाज दुप्पट होतो,
आणि थोडा जुना.

नियम एकच: जी लाटते, तिचं गाणं.
लाटणं दुसरीच्या हाती गेलं की गाणं बदललं,
अर्ध्या ओळीवर असलं तरी.

नवार्दला फक्त सुरुवाती आवडतात.
वाद्यं आपापली जागा शोधत असतात,
कुणीतरी श्वास घेतं,
तेवढं वीस सेकंद.
गाणाऱ्यानं तोंड उघडलं की ही म्हणते, पुढचं लाव.
"तो बोलायला लागला की ते त्याचं दुःख होतं.
तोवर माझं असतं."
लग्नंही तिनं अशीच केली,
असं हायकुही तिच्या पाठीमागे म्हणते.
समोरही म्हणते.

हायकुहीचं गाणं एकच. चाळीस वर्षं.
भाषा कुठली, ठाऊक नाही:
इटालियन असेल, नाहीतर त्या माणसाला सर्दी असेल.
एका ठिकाणी तो "मीठ दे गं, मीठ दे" म्हणतो
अशी तिची खात्री आहे,
आणि त्या जागेला ती दर वेळी
खरोखर मिठाचा डबा पुढे सरकवते.
कॅसेट भूकंपाच्या आदल्या वर्षी घेतलेली.
घर गेलं, ती कोटाच्या खिशात होती.
यापुढे ती सांगत नाही.
आम्ही मिठाचा डबा परत जागेवर ठेवतो.

माझ्या इयरफोनचा उजवा कान मेलाय,
दोन हिवाळे झाले.
म्हणजे बसमध्ये मी गाण्यांची डावी बाजूच ऐकत आले.
आवडतं गाणं पहिल्यांदा पातेल्यात लावलं तेव्हा
मधूनच एक व्हायोलिन निघालं
ओळखपाळख नसलेलं,
इतके दिवस भिंतीपलीकडेच राहत होतं म्हणे.
मला जरा रागच आला.
मग आवडलं.
आता बसमध्ये ते नसतं, ते कुठे नसतं हे मला कळतं.

राहिली झारुही.
जमिनीतल्या भट्टीच्या काठावर बसून
उशीवर ताणलेली पातळ रोटी
ती आतल्या भिंतीवर थापते, कंबरेत वाकून,
डोकं आगीत, पाय आमच्यात.
लाटायला ती येतच नाही.
"मला गाण्यातलं काही कळत नाही, बायांनो.
तुमचं चालू द्या."
चालू दिलं आम्ही. सहा वर्षं.

गेल्या गुरुवारी उणे एकोणीस होतं.
काखेतसुद्धा फोन वाचला नाही.
पातेलं रिकामं, लाटणी तेवढी बोलत होती,
आणि कुठूनतरी सूर येत होता.
भट्टीतून.
झारुही वाकलेली, थापत होती, गुणगुणत होती,
आणि तिला पत्ताच नव्हता.

आधी नवार्दची एक सुरुवात,
तीच ती, जी कधी पुढे गेलीच नाही.
ती पुढे गेली.
सरळ हायकुहीच्या सर्दीवाल्याच्या दारात शिरली,
तिथून वळली,
आणि वळणावर माझं व्हायोलिन उभं होतं
थंडीत वाट बघत असल्यासारखं.
उशी भिंतीवर आपटायची, धप्,
तिथे सम.

हायकुहीचा हात मिठाच्या डब्यावर गेला
आणि थांबला.
नवार्दनं "पुढचं" म्हटलं नाही.
तिच्या कोळीला भोक पडलं लाटता लाटता,
तिनं ते तसंच राहू दिलं.

"गप्प का गं सगळ्या?"
झारुहीनं डोकं वर काढलं, भुवया पिठानं पांढऱ्या.
"फोन बिघडलाय," मी म्हटलं.
"चांगलंय. जरा शांतता."
आणि पुन्हा वाकली.

कुणी तिला सांगायचं नाही, असं ठरलं.
ठरवायला कुणी काही बोललं मात्र नाही.

आज थंडी कमी आहे. रस्त्यावर चिखल झालाय.
मी कोट काढते, हात धुते.
"बॅटरी किती?" हायकुही विचारते.
नवार्द माझ्याकडे बघते.
"चार टक्के," मी म्हणते,
आणि सत्तर टक्के भरलेला फोन
पीठ चाळायच्या चाळणीखाली उपडा ठेवते.