चौदा बाय चौदा

कापड आधी धुवून घ्यायचं.
खळ पोटात जायला नको,
एवढं तर गांधीबागेतला नोकरही सांगतो
कटपीस मोजून देता देता.

मग गच्चीवर. पाचपावलीत मे महिन्यात
पंधरा मिनिटं पुरतात.
सोळाव्या मिनिटाला कापडाचा पापड होतो.

नेहारे मॅडमनी शिबिरात सांगितलं होतं,
मेण लावा, मधमाशीचं, अगदी पातळ,
इस्त्रीखाली मुरू द्या,
हाताच्या उबेनं वळेल, पोळीला धरून बसेल.
मॅडम पुण्याच्या.
मी लावलं.
अंकुशनं डबा गाडीच्या डिक्कीत टाकला,
बुटीबोरीला पोचला, दिवसभर गाडी उन्हात,
वर शेहेचाळीस डिग्री.
रात्री म्हणतो, काय लावलं व आई,
आज डबा खाल्ला का कोणाचा वाढदिवस,
समजलंच नाही.
डिक्कीतले आरसी आणि इन्शुरन्स
अजून एकमेकांना सोडत नाहीत.

तेव्हापासून मेण नाही. दोन थर.
आतून मलमल,
बाहेरून कात्रणांच्या गाठोड्यातून हाताला येईल ते:
वाघायेंच्या मंदाच्या साक्षगंधाचा जांभळा,
कॉन्व्हेंटच्या गणवेशाची चौकट,
एका बाईनं शिवायला टाकलेलं पोपटी,
ती बदली होऊन गोंदियाला गेली, न्यायला आलीच नाही.

तीन बाजू शिवायच्या. चौथीला चार बोटं तोंड उघडं.
कोपऱ्यावर सुई कापडात रुतवून ठेवायची,
पाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय खाली.
घाई केली की कोपरा गोल होतो,
आणि गोल कोपऱ्यातून पोळी डोकावते.

हे सगळं कशासाठी, तर
भांडेवाडीला कचरा पेटला होता मागच्या वर्षी.
वारा तिकडचा. मी खिडकी लावून घेतली,
पण कूलर कोणाचं ऐकतो?
त्यानं धूर ओढला, पाणी मारलं,
गारेगार करून घरात सोडला.
खसमधून गाळलेला आमचाच कचरा
आमच्याच नाकात.
त्या महिन्याचे चांदीच्या कागदाचे बोळे
मी मुद्दाम फेकले नव्हते.
दाबून दाबून एक गोळा केला. संत्र्याएवढा झाला.
ओट्यावर ठेवून पाहत बसले,
सोलता न येणारं संत्रं.

आता घंटागाडी येते तेव्हा
माझी बादली अर्धी असते.
गाडीवरचा ईश्वर विचारतो, काकू, गावाला गेल्ता का?

अंकुशला आधी लाज वाटायची.
सगळे चमचम उघडतात,
हा बाईच्या ब्लाउजातून पोळी काढतो.
दोन रुमाल हरवले, म्हणजे हरवले म्हणाला.
मी दोन नवे शिवले.
पोळी त्यात घामेजत नाही, हे मात्र त्यानं कबूल केलं,
तेही पाहुण्यांसमोर.

आणि परवा, सोमवारी, डब्यात रुमाल परत आला
तो तीन घड्यांचा.
मी चार घालते. माझी आई चार घालायची.
कडेला कड जुळलेली, हळदीचा डाग घासून पुसट,
वास आमच्या साबणाचा नाही.
अंकुश रुमाल धुणारा मुलगा नाही.
घडी घालणारा तर मुळीच नाही,
त्याचे शर्ट खुर्चीवर राहायला असतात.

मी काही विचारलं नाही.
पोळ्या पुरतात ना रे, एवढंच.
दोन जास्त देत जा, म्हणाला,
मोबाइलमधून मान वर न काढता.
कान मात्र लाल झाले.

रात्री लाइट लावून कात्री घेतली.
सोळा बाय सोळा.
मलमल कमी पडली, पट्टी जोडली,
जोड आतल्या अंगाला घेतला, तिथं कोण बघतं.
बाहेरून पोपटी लावलं.
गोंदियाची बाई आता काही येत नाही.

कोपरे कात्रीच्या टोकानं हळूच बाहेर काढले.
उघडं तोंड मिटलं, दोरा तोडला.
सकाळी सहा पोळ्या गुंडाळल्या,
आणि एक कोरा रुमाल वर ठेवला,
घडी न घालता.