अठरा मीटर

तुलांबेनच्या काळ्या गोट्यांवरून
वीस वर्षं सिलिंडर वाहिले तिनं डोक्यावर,
एका वेळी दोन-दोन.
पाण्यापर्यंतच. पुढचं सगळं पाहुण्यांचं.

आता केतुत सुकर्तीकडे कार्ड आहे, कोरं करकरीत,
फोटोत डोळे मिटलेले.
रात्री भात निवत असताना
मुलाच्या जुन्या वहीत ती बेत आखते:
अमेडला जायला भाच्याची गाडी कधी मोकळी,
बूट कोणाकडे मागायचे,
अठरा मीटरच्या खाली जायचं नाही.
त्याखाली दोन रेघा.
पेनिडाला प्रवाह ओढून नेतो म्हणे.
तिथं पुढच्या वर्षी.
किंवा नाहीच.

डुबकीनंतर अठरा तास विमानात बसू नये,
असंही पुस्तकात आहे.
हे वाचून ती एकटीच हसत सुटते.

नवरा विचारतो,
एवढं आहे तरी काय खाली?
ती चुंबळ उलगडते, झटकते, खुंटीला लावते.
"काही नाही रे.
तोच सिलिंडर.
फक्त तिथं त्याला वजन नसतं."

मग वहीत शेवटची ओळ:
बुधवार. उजाडता उजाडता.
पाहुणे उठायच्या आत.