आजचा कुठला

पहाटे चारला मी केस जाळीत कोंबते,
हातमोजे चढवते
आणि दोन पेट्या टोमॅटो यंत्राच्या तोंडी देते.
दक्षिण टूसॉनमधल्या आमच्या किराणा दुकानात
'ताजा साल्सा' म्हणजे मी.
लेबलावर तसं लिहीत नाहीत.
लेबलावर टोमॅटो, कांदा, हालापेन्यो, कोथिंबीर, लिंबाचा रस, मीठ,
आणि तारीख, आजपासून पाच दिवसांची.

मीठ किती, ते भिंतीवर चिकटवलंय.
हाताला अंदाज असला
तर तो मोज्याच्या आत ठेवायचा.
बिल्ल्यावर जागा कमी, म्हणून नातिविदादचं
नुसतं 'नाती' उरलंय.

शुक्रवारी सेन्योर ओरोस्को येतात.
टोपी काढून काउंटरवर ठेवतात, विचारतात,
"आजचा कुठला?"
मी मागच्या रांगेतला डबा काढून देते.
पुढे कालचे लावतात, हे त्यांना मीच शिकवलं.
चार डॉलर नव्व्याण्णव.
एक डबा, एक माणूस, सात दिवस.
शेवटचे दोन दिवस काय करतात, कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये एकदा डबा घेतलाच नाही.
टोपलीत बघते तर सहा टोमॅटो, पांढरा कांदा,
मूठभर सेरानो मिरच्या, कोथिंबिरीची जुडी
आणि लिंबं, दाबून दाबून निवडलेली.
सांगू? मला राग आला.
त्या दिवशी हॅमचे काप सगळ्यांना जाड गेले.

माझ्या घरी कुठला साल्सा, ते विचारू नका.
तारीख उलटलेला डबा, फुकटातला.
दहा तास उभं राहून आल्यावर
कोण भाजत बसतं मिरच्या!

पुढल्या शुक्रवारी मेयॉनीजची जुनी बरणी
रुमालात गुंडाळून आणली त्यांनी.
"चायोचा दगडी खल होता," म्हणाले,
"चार वर्षं त्यात किल्ल्या टाकायचो."
शीतघराच्या दाराआड मी मोजा काढला,
बोट बुडवलं.
मीठ चढलेलं. टोमॅटो एका अंगाने कच्चा,
दुसऱ्या अंगाने कोळसा.
दाताखाली कचकन दगड.
आणि सगळ्याच्या मागून, उशिराने,
जिभेच्या मुळाशी येऊन बसलेलं
काहीतरी जळकं, गोडसर,
जे आमच्या यंत्राला सात जन्मांत जमायचं नाही.

"चायो किती मिरच्या घालायच्या?"
"मोजायची नाही ती.
मी तिच्याकडे पाठ करून टीव्ही बघायचो."
टोपी फिरवत राहिले हातात.
एकेचाळीस वर्षं पाठ करून,
आणि काहीच पाठ नाही.

मी म्हटलं, आधी खलात कोरडे तांदूळ वाटा,
पीठ पांढरंशुभ्र येईपर्यंत. राखाडी आलं, तर टाकून द्या.
मग लसूण, मग मिरची. टोमॅटो सगळ्यात शेवटी.
आणि तवा तापला की तिथून हलायचं नाही,
मुलीचा फोन आला तरी.
"आणि मीठ?"
मी भिंतीकडे बघितलं.
मग मोजा काढलेल्या हाताकडे.
हवेतच चिमूट करून दाखवली.
त्यांनी आपल्या बोटांत तशीच धरली
आणि दारापर्यंत तशीच नेली,
सांडेल म्हणून.

आता ते टोमॅटोही नेतात, डबाही.
एका माणसाचा हिशेब काही जुळत नाही.
आणि मी शुक्रवारी पहाटे, कुणी यायच्या आत,
कोंबड्या भाजायच्या भट्टीच्या जाळीवर
एक मिरची काळी होऊ देते.
दोन पेट्यांत एक.
लेबलावर नाही ती.

काल त्यांनी डबा काउंटरवरच उघडला.
खिशातून चमचा काढला.
चाखलं, डोळे मिटले, बराच वेळ.
मी पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसत होते.

"मीठ," म्हणाले, "थोडं कमी आहे."