मोजमाप वही, पान एक्केचाळीस

पान कन्नडमध्ये आहे. अक्षर सुबक,
तीन महिन्यांच्या नोंदी, शाई एकाच दिवसाची.
कडोळगट्टी, मुलाम्याच्या कारखान्यामागची जागा,
चौदा गुंठे, चार फूट खोल.
विषारी गाळ काढला. बाहेर नेला.
तीनशे अठरा खेपा, वजनकाट्याच्या पावत्यांसह.

मी पावत्या तारखेनं लावल्या.
बसवजयंतीला काटा चालू होता,
मतदानाच्या दिवशीही,
आणि अकरा जूनला एकच लॉरी
बारा मिनिटांत तीनदा भरून गेली.

"फोटो आहेत की मॅडम," हिरेमठ म्हणाले,
"उन्हात कशाला?"
फोटोत करंजाची साठ रोपं होती,
काळ्या पिशव्यांसकट.

जागेवर लुमाण्णा कुदळ घेऊन आला, न बोलावता.
"काय मोजूलालीस बाय?"
"खोली."
"कशाची?"
माझ्या नमुन्यात तो रकाना नव्हता.

वीतभर लाल माती निघाली.
त्यानं चिमटीत धरली, हुंगली.
"ही माझ्या बांधाची की!
पाचशे दिल्ता लॉरीवाला."
तिच्याखाली ओलं, हिरवट पिवळं,
हळदीत कुणी मोरचूद कालवावा तसं.
टेपचं टोक त्यात उभं राहिलं.

म्हणजे काढलं नव्हतं. झाकलं होतं.
एका क्रियापदाचा फरक,
एक कोटी सव्वीस लाख.

मी परिच्छेद लिहिला, कर्त्याशिवाय,
लिहायचा असतो तसा:
आढळून आले. दिसून येत नाही. खुलासा व्हावा.
लुमाण्णाच्या पोटरीवरचा चट्टा
कुठल्या लेखाशीर्षाखाली घालायचा
ते दोन रात्री शोधलं.
मिळालं नाही. घातला नाही.

अकरा महिन्यांनी खुलासा आला:
नोंद घेतली आहे.
वसुली, निरंक.
त्यावर माझीच सही, परिच्छेद मिटवल्याची;
निवृत्तीला तेव्हा नऊ दिवस होते.

टेप मात्र घरी आला, चुकून.
पहिली वीत पिवळी. साबण झाला, रॉकेल झालं,
चिंच लावून उन्हात ठेवला.
परवा खिडकीच्या पडद्याचं कापड मापताना
शून्य दिसेना, म्हणून डाग सोडून धरलं,
आणि वजा करायचं राहिलं.

पडदा वीतभर आखूड झालाय.
खालून उजेड येतो, थेट टेबलावर.
शिंपी म्हणाला, जोड देतो.
नको म्हटलं.